हात धरून चालणाऱ्यांचा सिनेमा

साठच्या दशकात मी हॅम्बर्गच्या एका यंत्रांच्या कारखान्यात प्रशिक्षण घेत होतो. तिथे कामगारांचा एक फिल्म क्लब होता. किल्ली देऊन चालणारा आठ मिलिमीटरचा कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि दोन सभासद, एवढाच त्याचा पसारा. एक सभासद आमच्या वर्कशॉपचे प्रमुख, ज्यांना सगळे माइस्टर म्हणत. दुसरा ड्रॉइंग ऑफिसमधला ड्राफ्ट्समन. दोघे एका शाळेतले, लहानपणी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या रात्री एकाच तळघरात बसून काढलेले. दर हिवाळ्यात कारखान्याच्या संमेलनात ते स्वतः केलेला एक छोटा, मूक, विनोदी चित्रपट दाखवत. माइस्टर नट आणि ड्राफ्ट्समन कॅमेऱ्यामागे.

मी तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. ज्या देशाची यंत्रं आम्ही पुस्तकातल्या आकृत्यांत पाहिली, तिथली माणसं मला रविवारी जेवायला बोलावतात, याचंच मला अप्रूप होतं. माइस्टरांच्या बायकोला मी मनातल्या मनात वहिनी म्हणायचो. त्यांच्या टेबलाशी ड्राफ्ट्समनची खुर्ची ठरलेली असे आणि मुलं त्याला काका म्हणत.

शनिवारी आम्ही तिघे वस्तीतल्या थिएटरात विनोदी सिनेमे बघायला जायचो. भाषा सुधारायला ते बरे, असं माइस्टरांचं मत होतं. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत एक पुरुष ठरलेला असे: सुगंधी रुमाल, मुरडणारी मान, ढिलं मनगट. तो दिसला की थिएटर हसून लोळायचं. मीही हसायचो. ड्राफ्ट्समन हसायचा, पण जरा उशिरा. माइस्टर तेवढा वेळ चष्मा पुसत बसायचे.

अशाच एका शनिवारी माइस्टर आले नव्हते. सिनेमा सुटल्यावर आम्ही दोघे फेरीबोटीच्या धक्क्याकडे निघालो. मी गावाकडची काहीतरी हकीकत सांगण्याच्या रंगात आलो आणि चालता चालता त्याचा हात धरला. आमच्याकडे मित्र असेच चालतात. त्याचा हात एकदम ताठ झाला. समोरून आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर येत होता. ड्राफ्ट्समनने हात सोडवून घेतला.

"आमच्याकडे असं करत नाहीत," तो म्हणाला.

"का?"

"थंडी असते. हात खिशात बरे."

मला ते पटलं. सोमवारी कॅन्टीनमध्ये स्टोअरकीपरने आम्हा दोघांकडे बघून शिट्टी वाजवली आणि विचारलं, "काय, लग्न कधी?" टेबल हसलं. मीही हसलो. ड्राफ्ट्समन सूप तसंच टाकून उठून गेला.

दुपारी माइस्टरांनी मला लेथच्या मागे बोलावलं.

"त्याचा हात धरलास तू?"

"हो. मित्र आहे माझा."

"तुमच्याकडे सगळे धरतात?"

"सगळे. आमचे हेडमास्तरसुद्धा ड्रिलमास्तरांचा हात धरून नदीवर फिरायला जातात."

ते हसले नाहीत. हळू आवाजात, यंत्राचा एखादा भाग समजावून द्यावा तसं त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या मित्राला स्त्रियांविषयी नाही, पुरुषांविषयी प्रेम वाटतं. कायद्यात त्यासाठी कलम आहे, एकशे पंच्याहत्तरावं. त्याखाली तो एकदा तुरुंगात जाऊन आलाय. तेव्हा नोकरी गेली, राहती खोलीही गेली. इथे कुणाला ठाऊक नाही. पण ही शिट्टी पर्सोनालब्युरोत, म्हणजे कामगारांच्या नेमणुका बघणाऱ्या ऑफिसात ऐकू गेली, तर ते जुनी चौकशी उकरून काढतील. मग पुन्हा सगळं जाईल.

आमच्या गावात या गोष्टीला शब्द होते, पण ते सगळे शिव्यांमधले.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सोळाव्या वर्षापासून. पहिल्यांदा मलाच सांगितलं त्याने."

"आणि तुमच्या पत्नींना?"

"लग्नाआधी सांगितलं तिला. म्हटलं, मी येईन तो त्याच्यासकट येईन. ती म्हणाली, बटाटे सोलतो का तो?"

मी त्यांच्या तेलकट हातांकडे बघत राहिलो. जर्मनीत मी थक्क व्हायला तयार होऊनच आलो होतो: बंदरातल्या क्रेन, पाण्याखालून जाणारा बोगदा, वेळेवर येणाऱ्या गाड्या. या माणसाने मात्र आपला मित्र जसा होता तसा, कायद्याच्या नाकासमोर, इतकी वर्षं रविवारच्या जेवणाला बसवला होता, आणि मुलांना त्याच्या मांडीवर वाढवलं होतं. असं काही बघायला मिळेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर माइस्टर म्हणाले, "आल्झो, तर मग, यंदाचा सिनेमा ठरला. परदेशातून एक पोरगा येतो आणि दिसेल त्याचा हात धरतो. माझा धरतो, गेटवरच्या पहारेकऱ्याचा, आचाऱ्याचा. शेवटी सगळा कारखाना हातात हात घालून फेरीबोटीत चढतो."

"वेड लागलंय तुला," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"आणि तूही आहेस त्यात."

"मी कॅमेऱ्यामागे असतो."

"यंदा नाही. सगळे दिसले आणि तू नाही दिसलास, तर?"

"मी पडद्यावर दिसलो की सगळे माझ्याकडेच बघतील."

"आत्ताही बघतातच. निदान हसत बघू देत."

"आणि नाही हसले तर?"

वहिनींनी ओले हात एप्रनला पुसले. "कॅमेरा मी धरीन," त्या म्हणाल्या. "किल्ली किती फिरवायची तेवढं दाखवा."

शूटिंगला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. पहारेकरी लाजून लाल झाला. शाळा सुटल्यापासून कुणा पुरुषाचा हात धरला नाही म्हणाला. स्टोअरकीपरला माइस्टरांनी स्वतः जाऊन बोलावलं. आधी तो नको म्हणाला. मग सगळे सिनेमात दिसणार आणि आपणच नाही, हे त्याला सोसेना. तो चांगली हॅट घालून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याचा तळवा घामाने ओला होता.

शेवटच्या दृश्यात सगळ्यांनी साखळी करून फेरीत चढायचं होतं. साखळीच्या टोकाला माइस्टर आणि ड्राफ्ट्समन होते. सगळे चढले, पण ते दोघे चढले नाहीत. फेरी निघाली. धक्क्यावर दोघेच उरले, हात धरलेले. त्यांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले आणि पाठ फिरवून चालू लागले. हे ठरलेलं नव्हतं. वहिनी किल्ली संपेपर्यंत त्यांच्यावर कॅमेरा रोखून उभ्या होत्या.

संमेलन शनिवारी दुपारी, कॅन्टीनमध्ये झालं. पर्सोनालब्युरोचे प्रमुख पहिल्याच रांगेत, बायकोसह. पहारेकऱ्याला लोक हसले, स्टोअरकीपरच्या हॅटला तर टाळ्या पडल्या. मग शेवटचं दृश्य आलं आणि हसणं थांबलं. पडद्यावर दोन पाठमोरे पुरुष, हातात हात. प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी प्रमुखांच्या मानेकडे बघत होतो. ती हलत नव्हती.

तेवढ्यात मागून आचारी म्हणाला, "घ्या, बोलण्याच्या नादात फेरी चुकली यांची." आणि सगळं कॅन्टीन फुटलं. लोक बाकं बडवत होते. प्रमुखांनी हसत हसत बायकोचा हात धरला. ते हसणं मी थिएटरात ऐकलेलं नव्हतं. त्यात कुणी बाजूला काढलेला नव्हता.

त्यानंतर शिट्टी वाजली नाही. मी भारतात परतलो तेव्हाही ड्राफ्ट्समन ड्रॉइंग ऑफिसमधल्या त्याच टेबलावर काम करत होता. कायदा सैल व्हायला अजून अवकाश होता.

संमेलनाच्या त्या दुपारी, लोक केक घेत असताना, मी माइस्टरांना शोधत मागच्या अंगणात गेलो. ते भिंतीला टेकून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होते. तीन काड्या मोडून पायाशी पडल्या होत्या आणि चौथी ते उलट्या टोकाने ओढत होते. आठवडाभर सगळ्यांना हसवणारा हा माणूस किती घाबरलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. पाठोपाठ ड्राफ्ट्समन आला. त्याने काडी ओढून त्यांची सिगारेट पेटवून दिली.

"शेवटचा शॉट फार लांबलाय," तो म्हणाला. "कापायला हवा."

"एक फ्रेमही कापायची नाही," माइस्टर म्हणाले.