उजव्या पायाचा बूट

डबा मांडीवरून खाली ठेवते न ठेवते तोच डोळे जड व्हायला लागतात. जीप शिरीषाच्या सावलीत उभी आहे आणि ड्रायव्हर चहाला गेलाय. साहेब येईपर्यंत काम नाही. काच अर्धी खाली केली आहे, त्यातून ओढ्याचा वास येतो, जातो, पुन्हा येतो.

साहेब आले की मी वरच्या पुलावर उभी राहणार, दोरीला बांधलेली बादली ओढ्यात सोडणार आणि पाण्याचा नमुना घेणार. तो चांगला येणार. येणारच, कारण ज्या पाइपातून घाण पडते तो पुलाच्या पुढे, पार तळ्याच्या तोंडाशी आहे. आणि त्या चांगल्या नमुन्याच्या जिवावर सोमवारपासून सिद्धोबाच्या तळ्यात पोरांचं पोहण्याचं शिबिर सुरू होणार.

पाइपाच्या तोंडाशी उतरायचं नाही, असा आता आदेश आहे. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. आमचे रावसाहेब गोंजारी, नमुने घ्यायला माझ्याबरोबर असायचे ते गोंजारीमामा, गेल्या भाद्रपदात लेप्टोने, म्हणजे घाण पाणी पायाच्या भेगांत शिरून होणाऱ्या तापाने, गेले, तेव्हापासून. माणूस जिवंत होता तोवर त्याच्या पायांकडे कुणी पाहिलं नाही, आणि तो मेल्यावर त्याच्याच नावाचा आडोसा करून ही मंडळी पुलावर चढली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

माझ्या पायाशी नव्या गमबुटांचं खोकं आहे. मामांच्या तेराव्याच्या आत आलं. ते मी अजून उघडलेलं नाही. उघडणारही नाही. झोपेतसुद्धा त्याला लाथ मारावीशी वाटते, आणि बहुतेक मारतेच, कारण पुठ्ठ्याचा आवाज होतो.

पुठ्ठ्याचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीचा. सळसळ, सळसळ. हा आवाज मी कुठेही ओळखेन.

काचेवर टकटक होते.

"म्याडम, उजवा मिळाला का?"

मामा उभे आहेत. तोच खाकी शर्ट. डाव्या पायात काळा गमबूट आणि उजव्या पायाला वाण्याकडची पिशवी, घोट्याशी दोऱ्याने बांधलेली. स्टोअरमधून त्यांना जे बूट मिळाले होते ते दोन्ही डाव्या पायाचे होते. बदलून मागितले, तर आधी हे वापरून फाटू द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. सगळा पावसाळा ते तसेच उतरले, एका पायात बूट आणि दुसऱ्याला पिशवी.

"मामा, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो की. पर बुटाचं तेवढं राहिलंय."

मी जीपचं दार उघडते आणि पाय स्टोअरच्या फरशीवर पडतो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर बूट. मी एक ओढते. डावा. दुसरा ओढते. डावा. बूट धपाधप अंगावर पडतायत, सगळे डावे. टेबलाशी स्टोअरकीपर पेरू खात बसलाय. तो मान वर करत नाही.

"अहो, माणसाला उजवा पाय पण असतो!" मी ओरडते.

"मागणी जोडीची होती," तो म्हणतो. "दोन नग म्हणजे जोडी."

"ही जोडी आहे?"

"मोजून घ्या."

मला त्याच्या हातातला पेरू हिसकावून त्याच्याच तोंडात कोंबायचाय. हात उचलते, पण तो पाण्यातून उचलल्यासारखा सावकाश उठतो. मामा मागून हलकेच म्हणतात, "जाऊ द्या म्याडम. कशाला डोक्यात राख घालून घेताय."

"घालणार! तुम्ही नाही घातलीत, म्हणून मला घालावी लागते."

"आमाला कुठलं जमतंय ते," मामा म्हणतात आणि खाली बसतात. बसतात ते खाटेवर. मांडण्यांच्या खाटा झाल्या आहेत आणि हा सरकारी दवाखान्यातला वॉर्ड आहे. मामांचे डोळे हळदीसारखे पिवळे आहेत. वर सलाइनच्या जागी आमची नमुन्याची बाटली उलटी टांगली आहे आणि तिच्यातून ओढ्याचं काळं पाणी थेंब थेंब नळीत उतरतंय. मी नळी चिमटीत धरते. थेंब थांबत नाही.

दाराशी साहेब उभे आहेत, हातात हार घेऊन. मामा अजून बोलतायत तरी हार आणलाय. "घरच्या मोरीतून झालं असेल," ते म्हणतात. हे स्वप्नातलं नाही. हे त्यांनी खरोखर मामांच्या बायकोला, कमळाक्कांना, तोंडावर सांगितलं होतं. त्या बाईने दोन्ही हातांनी घासून घासून पांढरी केलेली मोरी मी पाहिली आहे. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायचं होतं, तर मध्येच साहेबांचा मोबाइल वाजला आणि सगळे खाली बसले. मी एकटीच उभी होते. त्या दिवसापासून मी आतल्या आत उभीच आहे.

"तुमचाही राग आलाय मला," मी मामांना म्हणते.

"माजा? माजा कशापायी?"

"पाण्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं. लॅबचे निकाल तुमच्यासमोर यायचे. पायाला भेगा होत्या. तरी पिशवी बांधून उतरलात. पुलावरून बादली टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

मामा माझ्याकडे बघत राहतात, लहान मुलाने वेडगळ प्रश्न विचारावा तसं.

"पुलावरनं पाणी चांगलं निघतंय की ओ."

"मग?"

"मग काय? पोरं खाली पवत्यात."

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि तोंडात वास शिरतो. आम्ही पाइपाच्या तोंडाशी आहोत. गुडघाभर पाणी आहे. पाइपातून राखाडी फेसाचं पाणी धबधबा पडतंय. हे पावसाळी गटार. ह्यात फक्त पावसाचं पाणी यायला पाहिजे. चैत्राचं ऊन तापलंय, आभाळात ढगाचं बोट नाही, आणि हे वाहतंय. म्हणजे वर कुणीतरी आपली घाण ह्यात जोडून दिली आहे. हे कळायला लॅबसुद्धा लागत नाही. नाक असलं तरी पुरे. पण नाकाने अहवाल भरत नाही, म्हणून नमुना लागतो. तो इथलाच लागतो.

समोर तळं आहे. तळ्यात पोरं आहेत. केवढी तरी. डोकी वर येतात, खाली जातात, कुणीतरी किंचाळून हसतं, कुणी तोंडात पाणी घेऊन चूळ उडवतं.

"बाहेर या!" मी ओरडते. "अरे, तोंड मिटा! बाहेर या!"

पोरं ऐकतात. एकेक करून पायऱ्यांवर चढायला लागतात, अंग निथळत, कुडकुडत. सळसळ होते. मी खाली पाहते. प्रत्येक पोराच्या उजव्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आहे, घोट्याशी दोऱ्याने.

सळसळ वाढत जाते. सगळा घाट सळसळतोय. मी मामांचा दंड घट्ट धरते.

"मामा, हे थांबवा."

"म्या कुठला थांबवतोय आता? म्या मेलेला माणूस."

"मग मी काय करू? मला नुसता राग येतो. सकाळी उठल्यापासून येतो. भाकरी थापताना येतो. त्याचं करू काय?"

मामा वाकून पाण्यात हात घालतात. आम्ही रोज करायचो तसंच, बाटलीचं तोंड वरच्या अंगाला, वाहून येणाऱ्या पाण्याकडे, आपले पाय बाटलीच्या मागे. म्हणजे आपल्या पायांचा गाळ तिच्यात जात नाही.

"राग येऊ द्या की," ते म्हणतात. "राग काय वंगाळ न्हाई. पर त्यानं हात हलू देऊ नका. हात हलला की गाळ उठतोय, आणि मग सायेब म्हणत्यात, तुमचा नमुनाच खराब."

मला रडू येतं. रागाचंच.

"म्याडम, त्या खोक्यातला उजवा कुणी घालतंय का?"

"नाही. कुणी नाही घालत."

"मग म्या घालून बघू जरा?"

"घाला ना मामा. विचारता काय?"

ते काठावर बसतात. दोऱ्याची गाठ सोडतात, पिशवी काढतात, घडी करून खिशात ठेवतात. पाय पांढराफटक झालाय, भेगांत काळा गाळ. बूट सहज चढतो. ते उभे राहतात, टाच दोनदा आपटून बघतात आणि लाजल्यासारखे हसतात.

"बसला की ओ बरोबर."

मग ते पाण्यातून चालत जातात, वरच्या अंगाला. मी कान देऊन ऐकते. सळसळ होत नाही. दोन बुटांचा एकसारखा आवाज येतो, डबक डबक, लांब जातो, मग त्यात हॉर्न मिसळतो.

हॉर्न वाजतोय. साहेबांची गाडी मागे येऊन उभी आहे आणि ते काचेतूनच हात हलवतायत.

"चला मॅडम, उरका! वरच्या वर बादलीभर घेऊन टाका. शिबिराचे फ्लेक्ससुद्धा लागले."

माझी मान अवघडली आहे, गाल ओला आहे. खोकं पायाशी आहे, जसंच्या तसं. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. मी जीपची किल्ली घेऊन ती पट्टी फाडते. आत गमबुटांची जोडी, किमतीची चिठ्ठी लटकलेली. डावा बूट उचलते. कोरडा, आत पांढरी पावडर.

उजवा उचलते. तो जड आहे. आत हात घालते तर मनगटापर्यंत ओला होतो, आणि बाहेर काढते तेव्हा नखांत काळा गाळ असतो. त्या वासाची ओळख पटवायची गरज नाही.

मी चपला काढून दोन्ही बूट चढवते. उजव्या टाचेखाली पाणी पचकन वाजतं. बाटली घेते. दोरी आणि बादली जीपमध्येच ठेवते.

"अहो मॅडम, तिकडे कुठे? पूल इकडे आहे. खाली उतरायचं नाही, आदेश आहे!"

मी हात पुढे धरून बघते. हलत नाही. मग उजवा पाय पुढे टाकून उतार उतरायला लागते.