थामीचा ठेका

फेझ शहरातल्या सफ्फारीन चौकात सगळे तांबट थामीच्या ठेक्यावर ठोकायचे. पहिला हातोडा त्याचा, मग बाकीच्यांनी मधल्या जागा भरायच्या, आणि त्याने हात वर केला की सगळा चौक गप्प. त्याच्या बापाची जागा होती ती. थामीचा सगळा जीव त्या जागेत.

आणि हल्ली त्याच्या मनात बसलं होतं, की आपल्याला तिथून उठवायचं घाटतंय. का, तर लोक त्याच्यासमोर हळू बोलायला लागले होते. घरी बायको, रकिया, भांडी घासता घासता काहीतरी पुटपुटायची. चौकात शेजारीच ठोकणारा मुलगा इद्रीस पाठ फिरवून बोलायचा. काय म्हणालास विचारलं, तर "काही नाही, बा." आता काही नाही म्हणजे काहीतरी असणारच ना.

त्यात ती सुमिया आली, विद्यापीठातली, कानांचा अभ्यास करणारी. चौकात छोटी पेटी ठेवून आवाज मोजायची, आणि एकेका तांबटाला पलीकडच्या खोलीत नेऊन कान तपासायची. जन्मभर ठोकठोक ऐकून कानांचं काय होतं, ते तिला बघायचं होतं म्हणे.

"आवाज कशाला मोजतात?" थामी शेजारच्या लहसनला म्हणाला. "जास्त आहे म्हणायला. मग आपली सगळ्यांची रवानगी गावाबाहेर."

"अरे, ती पोरगी आपला चहासुद्धा घेत नाही," लहसन त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला.

"तेच तर. आपला घेत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी घेते."

एकदा इद्रीस तिच्याशी बोलताना दिसला. बोलता बोलता दोघांनी थामीकडे बघितलं. झालं. हातोडा टाकून हा उठला. "चल बाई, तपास माझेपण कान. आणि काय ते तोंडावर सांग."

तिने त्याच्या दोन्ही कानांवर यंत्र चढवलं. "बा थामी, बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करा."

पहिली आली, हात वर. दुसरी आली, तिसरी आली. मग काहीच येईना. आपल्याला पकडायला बसलीय ही, त्याला वाटलं. पण हा पडला तांबट, दोन शिट्ट्यांमधलं अंतर त्याने केव्हाच धरलं होतं. त्याच अंदाजाने हात वर, हात खाली, पुन्हा वर. अगदी ऐटीत, बघ.

थोड्या वेळाने ती समोर येऊन बसली. "बा थामी, शिट्टी मी मघाशीच बंद केलीय."

त्याचा हात वरच राहिला.

"का बंद केलीस?"

"ऐकणारा माणूस अधूनमधून चुकतो हो. तुमचा हात एकदाही चुकेना, म्हणून शंका आली."

"म्हणजे आता नगरपालिकेला जाऊन सांग, थामी बहिरा झाला, उठवा त्याला."

"नगरपालिकेत मला कोण ओळखतं? आणि तुमच्या ठेक्याला काय झालंय? तुम्ही हातोड्यांकडे बघून ठोकता, मी रोज बघते. बारीक आवाज मात्र गेले तुमचे, ते परत यायचे नाहीत. इद्रीसचे आता जायला लागलेत. कानात बोळे घालून बसलो तर बा चिडतील का, एवढंच तो मला विचारत होता."

थामी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. खोटं बोलतेय असं दिसेना. मग बाहेर आला. सगळे हातातलं काम थांबवून बसलेले.

"इद्रीस, ते बोळे घाल कानात. सगळ्यांनीच घाला. पण नजर माझ्या हातावर पाहिजे."

"ती कधी हलवलीय आम्ही?" लहसन म्हणाला, आणि सगळे हसले. थामी आपल्या जागेवर बसला, पहिला हातोडा मारला, आणि मागोमाग सगळा चौक सुरू झाला.

पण मनातली अढी अशी एका दिवसात जाते का? संध्याकाळी हरीरा सूपची वाटी समोर आली तसं त्याने रकियाला विचारलं, "काल भांडी घासताना काय म्हणालीस?"

"म्हणाले, या माणसाशी ओरडून ओरडून माझा घसा गेला."

"आणि परवा?"

"परवाही तेच."

थामीने तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, डोळे तिच्या ओठांवर ठेवून. मगच वाटी तोंडाला लावली.