तळ्याचं पाणी आणि बाबांचे डोळे

मी निपाणी सोडली तेव्हा पाट्या रंगवणारे माझे बाबा स्टँडवर आले ते नुकतीच रंगवलेली दुकानाची पाटी हातात धरूनच. पोरगा गाव सोडतोय, पण लक्ष सगळं पाटीकडे. रंगाला कुणाचा धक्का लागू नये. म्हणाले, "चित्रं काढ, पण पाण्याची नको. भिंतीवर पाणी लावलं तर लोक म्हणतात ओल आली."

बस इतकी रेंगाळली की बेंगळुरूत उतरेपर्यंत मला दाढी फुटली. तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्र्यांना रंग मारायच्या कामाला लागलो. राखाडी रंग एवढा मारला की स्वप्नंही राखाडी पडायला लागली. मग हट्टानं दर रविवारी चित्रं काढायला तीन फळ्या घेऊन जवळच्या तळ्यावर जायला लागलो. एका फ्रेंच म्हाताऱ्यानं दारातल्या तळ्यावरचं ऊन रंगवण्यात जन्म घालवला, असं वाचलं होतं. ऊन सरकलं की फळी बदलायची, ही त्याचीच रीत. माझा झपाटा असा की ढगसुद्धा माझं आटोपेपर्यंत थांबत. फिरायला येणारे म्हणत, "स्वल्प सरका, अण्णा." मी काही सरकत नसे.

चित्रांचे फोटो घरी पाठवायचो. बाबा त्यावर अवाक्षर काढत नसत. मला एवढंच हवं होतं, त्यांनी एकदा चित्रासमोर उभं राहून 'जमलंय' म्हणावं.

यंदा ते मोतीबिंदू काढायला माझ्याकडे आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना तळ्यावर नेलं. त्यांनी चित्र नाकाला लावून पाहिलं, मग पाणी पाहिलं. "जमलंय की रे. अस्संच पिवळट आहे." त्या संध्याकाळी मी जमिनीपासून वीतभर वरून चालत घरी आलो.

दोन्ही डोळे झाले, काळा चष्मा उतरला, आणि बाबा स्वतःहून तळ्यावर आले. चित्राकडे बघतच राहिले.

"ही काय कढी केलीस?"

"तुम्हीच जमलंय म्हणालात."

"तेव्हा मला दिसत कुठं होतं? मोतीबिंदूनं सगळंच पिवळं. पाण्यावरच्या त्या पानांखाली बघ. जांभळं आहे."

बघितलं. होतं. इतके रविवार बसून मला ते दिसलं नव्हतं. फळी उलटी केली आणि नव्यानं सुरुवात केली. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझं तिकीट रद्द कर. तुला एकट्याला झेपायचं नाही हे."

तेव्हा निपाणीकरांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घरी कधी येतोस म्हणून विचारू नका. आपलं काम बघून 'पुन्हा कर' म्हणणारं माणूस जिथं बसलंय, ते घर. माझं सध्या तळ्याकाठी बसलंय, आणि ऊन सरकलं तरी फळी बदलली नाही म्हणून माझ्यावर खेकसतंय.