मशिनच्या पोटातला मुकादम

चहाचा कप हातात देताना साळवेभाऊ तो सोडायचेच नाहीत. आपण कपाचा कान धरलेला, त्यांनी बशी धरलेली, आणि ते आपल्या तोंडाकडे बघत उभे. आपण ‘मिळाला’ म्हणायचं, मग त्यांची बोटं सुटायची. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, काय चिक्कू माणूस आहे! मी ओढला, त्यांनी धरला, आणि सगळा चहा माझ्या नव्या कोऱ्या पातळावर. “बघा ताई,” ते म्हणाले, “मिळाल्याचं सांगितलं न्हाई की असं हुतं.” पातळाचं पातळ गेलं आणि वर शिकवणी मिळाली.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या हंगामातली. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी ऊस ऑफिसात तोडचिठ्ठ्या लावायला होते. मी सातवी पास. पण रुबाब असा, की चिठ्ठी लावायला मीच नसले तर साखर गोड होणार नाही. कुणाच्या शेतात कधी कोयता लावायचा, कुठली गाडी कधी आणायची, हे त्या चिठ्ठ्यांवर ठरायचं. खरं म्हणजे ओळखीवर ठरायचं, चिठ्ठी नंतर फाडायची. ज्याचं कुणी नाही त्याची गाडी दोन-दोन दिवस यार्डात उभी. ऊस वाळतोय, बैल माना टाकून उभे, आणि गाडीवान गाडीखाली झोपलेला.

साळवेभाऊ आमच्याच ऑफिसात कारकून होऊन आले. उंच, काळेसावळे, खिशाला दोन पेनं आणि बोलणं शेतातल्या माणसाचं. आधी ते पुण्याला एका कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या मशिनवर होते. तिथे खोलीएवढा कॉम्प्युटर होता. त्याला काम कसं सांगायचं ते यांनी पुस्तकं वाचून आपलं आपणच शिकून घेतलं. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावाकडे आले, पण डोकं त्या मशिनपाशीच राहिलं.

एकदा मी विचारलं, “भाऊ, मशिन मशिन करता, पण ते करतं तरी काय?”

“सांगाल ते करतं. पन ताई, कामं शंभर आन मशिन एक. मंग कुठलं आधी सोडायचं, कुठलं थांबवायचं, हे बघायला त्याच्या पोटात एक मुकादम बसवावा लागतो. मुकादम सोता ऊस तोडतो का? न्हाई. कोन तोडनार आन कवा, एवढंच बघतो. मला त्यो मुकादम लिवायचाय.”

मला काही कळलं नाही. मी मान मात्र अशी हलवली, की त्यांना वाटलं कळलं. पुढचं सगळं त्या मानेमुळे झालं.

त्यांनी तो मुकादम लिहिला. बारा पानं, एकेका ओळीला नंबर. मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, आपल्या तोडणीचा सगळा क्रम पुण्याच्या मशिनवर लावून बघू. साहेब हसले, पण माणूस बरा होता. म्हणाले, “आधी इथे हातांनी चालवून दाखव. पंधरा दिवस देतो. त्यात उसावाचून गिरणी एकदा जरी थांबली तर हा नाद सोडायचा आणि गुमान कारकुनी करायची.”

साळवेभाऊंनी चहाची खोकी तोडून एक कप्प्यांची पेटी केली. प्रत्येक गाडीचं एक कार्ड. कार्ड घेऊन गाडी शेतात जाणार, भरून येणार, वजनकाट्यावरून गव्हाणीत ऊस टाकणार. गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड, तिथे ऊस पडला की गिरणी चावत राहते. गाडी रिकामी झाली की कार्ड पेटीत परत, आणि मगच रांगेतलं पुढचं कार्ड बाहेर. “आधी परत, मंग पुढं,” हे त्यांचं दिवसातून पन्नासदा चालायचं. आणि मशिन नव्हतं म्हणून मशिनच्या जागी बसवली मला!

“तुमी आता मुकादम,” ते म्हणाले. “कागदात लिवलंय तेवढंच करायचं. सोताचं डोकं लावायचं न्हाई. डोकं घरी ठेवून या, ताई.”

घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “मग नवीन काय?”

चौथ्या दिवशी खिडकीत माझे मामा. “सुमे, लेकी, उन्हात उभा हाय. बैलाकडं तरी बघ. काढ की आमचं कार्ड जरा पुढं.” आता मामाने मागून मागितलं काय, तर एक कप्पा पुढे. मी सरकवलं. तासाभरात साळवेभाऊ पेटीपुढे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. बारा पानं माझ्यापुढे ठेवली.

“ताई, हे कंच्या ओळीत लिवलंय?”

आणि मी शहाणी, खरंच बोट लावून ओळी शोधायला लागले! अर्धं पान वाचल्यावर लक्षात आलं, की हा बाबा आपल्याला बोलतोय.

“मामा न्हाईत ना कुठं?” ते म्हणाले. “माजा बाप वीस वर्सं दुसऱ्याच्या गाड्या हाकायचा, ताई. आडनाव इचारायचे आन गाडी मागं घ्यायला लावायचे.” एवढंच. मग खाली बसून त्यांनी सगळी कार्डं नव्याने लिहिली. नावं काढून टाकली, नुसते नंबर. मामा पुढे दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी कागदाबाहेर श्वाससुद्धा घेतला नाही. आणि खरं सांगते, पेटी चालली. सकाळी आलेली गाडी संध्याकाळी रिकामी परत. यार्ड चाटूनपुसून स्वच्छ. गाडीवान म्हणायचे, आता झोपायचं कुठं? मी ऑफिसात अशी चालायला लागले, की जणू मशिन माझ्याच पोटात आहे.

अकरावा दिवस. सकाळपासून एकही कार्ड परत येईना. मी कागद बघितला: मागचं कार्ड परत आल्याशिवाय पुढचं सोडू नये. बरं. मी हाताची घडी घालून बसले. लांबच्या शेतांवर पाठवायच्या ट्रकांची कार्डं रांगेत मागे होती. ट्रकवाले दोनदा येऊन विचारून गेले. मी म्हटलं, “कागदात नाही.” साळवेभाऊ त्या दिवशी आईला डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला आमच्याकडे कुणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. गाड्या सगळ्या शेतात सोडलेल्या, बैल सावलीला. हे मला माहीत नव्हतं का? सकाळी सासूबाईंनी उंबऱ्यावर नारळ फोडला, तो नारळ आदल्या दिवशी बाजारातून मीच आणलेला! त्याचं खोबरं माझ्या डब्यात होतं. ते खात खात मी कार्डांची वाट बघत बसले होते.

दुपारी गिरणीची घरघर थांबली. कॉलनीत राहणाऱ्यांना तो आवाज ऐकूच येत नाही, थांबला की ऐकू येतो. बाया दारात आल्या. पूर्वी यार्डात दोन दिवसांचा ऊस पडून असायचा, एखादी अमावास्या त्यावर निघून जायची. आम्ही यार्ड स्वच्छ करून ठेवलं होतं.

साळवेभाऊ धावतच आले. मागोमाग मॅनेजरसाहेब. “चूक कुणाची?” माझ्या घशात खोबरं अडकलेलं.

“माजी,” साळवेभाऊ म्हणाले. “बाईंनी लिवलं तसंच केलं. मी अमावास्या लिवलीच न्हाई. आमच्या बापानं दीक्षा घेतली तवापासनं घरात अमावास्या पाळत न्हाईत, साहेब. पंधरा वर्सं झाली. माज्या ध्यानातच आली न्हाई.”

साहेबांनी पेटीकडे बघितलं आणि निघून गेले. पंधरा दिवसांतले चार उरले होते, ते तिथेच संपले.

मग भाऊ माझ्याकडे वळले. “ताई, तुमाला म्हाईत हुतं?”

“होतं.”

“मंग बोलला का न्हाईत?”

“तुम्हीच म्हणालात, डोकं घरी ठेवा.”

ते माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. हसता हसता खुर्चीवर बसले, चष्मा काढून डोळे पुसले. ते पाणी किती हसण्याचं होतं आणि किती दुसऱ्या कशाचं, मी विचारलं नाही. मग खिशातलं पेन काढून त्यांनी एका लाल कार्डावर लिहिलं: ‘दोन तासांत कार्ड परत आलं नाही तर वाट बघू नये. जाऊन विचारावं.’ बोलण्यात न्हाई म्हणणारा माणूस, लिहिताना एकदम शुद्ध. कार्ड माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. त्यांनी सोडलं नाही.

“मिळालं,” मी म्हणाले.

दुष्काळात भाऊंची आई गेली आणि ते पुन्हा पुण्याला त्या मशिनकडे गेले. पेटीत कँटीनवाला कपबशा ठेवायला लागला. पुण्याला त्यांनी मुकादम चालवला म्हणे, लाल कार्डाच्या ओळीसकट. दरवर्षी बॉयलर पेटायच्या सुमारास त्यांचं पोस्टकार्ड यायचं: ‘हंगाम सुरू झाला का?’ मी उलट टपाली लिहायची: ‘मिळालं. झाला.’ आमचा पत्रव्यवहार एवढाच, पण वीसेक वर्षांत एकदा चुकला नाही.

मग एका वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. मी म्हटलं, येईल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी आपली हाताची घडी घालून बसलेली. लाल कार्ड माझ्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याखाली. रोज त्याच डब्यातून सुई काढत होते, बरं का. शिमग्याला एक दिवस ते कार्ड हाताला लागलं, वाचलं, आणि तशीच पुण्याच्या एसटीत बसले.

दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. भाऊ दसऱ्यापासूनच अंथरुणाला खिळले होते, मार्गशीर्षात गेले.

त्यांनी मला बसवलं. आत जाऊन चहा करून आणला. मी कपाचा कान धरला. त्यांनी बशी सोडली नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. एकच शब्द म्हणायचा होता, पण माझ्या तोंडून तो फुटेना. आणि त्या बाई तो कप धरून तशाच थांबल्या.