शांतम्माचं मळकं फडकं

म्हाळसाबाईच्या मेंढ्या दुष्काळात गेल्या, आणि ती मुलगा-सुनेपाठोपाठ सांगोल्याकडून सोलापुरास आली. मुलगा बिरप्पा हमाली करी, सून राजाबाई मिलमध्ये सुताच्या खात्यात लागली. नातू बाळासो अजून अंगावर पिणारा. शेळीचं दूध तो थुंकून टाकी. मिलच्या आवारात पाळणाघर निघालं होतं. तिथं पोर ठेवलं, तर आईला मधून मधून पाजायला सोडत. सोय चांगली होती. बाळासोला ती पटली नाही, एवढंच.

पहिल्याच दिवशी पाळणाघरातल्या शांतम्माने उचलताच त्याने असा टाहो फोडला, की पाळण्यातली बाकीची पोरंही त्याला सामील झाली. राजाबाईला सारखं बोलावणं येऊ लागलं. संध्याकाळी खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने सांगितलं, आता पोराला घेऊन घरी बस, सोमवारी त्याला घेऊन ये. तेव्हाही गप राहिलं नाही, तर तुझ्या जागी दुसरी बाई उभी करीन.

राजाबाई रडली. म्हाळसाबाई रडली नाही. तिने जन्मभर कोकरं लावली होती. आई मेलेलं कोकरू परक्या मेंढीला लावायचं, तर आधी दोघांचा वास एक करावा लागतो. माणसाचं पोर काही निराळं असेल, असं तिला वाटलं नाही.

ती शांतम्माकडे गेली आणि एखादं फडकं मागितलं. शांतम्मा तेलुगू साळ्यांच्या घरातली, मराठी जपून बोलणारी. म्हातारी गरीब दिसते म्हणून तिने पेटीतलं धुतलेलं फडकं घडी घालून दिलं.

"ह्ये न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "अंगावरचं द्या. मळकं."

आपल्याला मराठी शब्द कळला नसावा, असं शांतम्माला वाटलं. "मळकं म्हणजे मैला?"

"व्हय. घामाचं."

अशी मागणी शांतम्माकडे आजवर कोणी केली नव्हती. तिने कमरेला खोचलेलं हात पुसायचं फडकं काढून दिलं. त्याला घाम, खोबरेल आणि फिनेल यांचा मिळून वास येत होता.

घरी बाळासो त्यावरच निजू लागला. पाजताना राजाबाई ते खांद्यावर घेई. म्हाळसाबाईने मात्र त्याला उचलणं सोडलं. तिच्या घोंगडीचा वास मिसळला असता.

"आत्याबाई, पोराला दवाखान्यावानी वास मारतोय की," राजाबाई कुरकुरली.

"मारू दे. जागा तर ऱ्हाईल."

सोमवारी म्हाळसाबाई पाळणाघराच्या भिंतीबाहेर ऊन खात बसून राहिली. कळपातलं कोणतं कोकरू ओरडतंय, हे तिला न बघता कळत असे. आत बरीच पोरं रडली. बाळासो नव्हता त्यात. दुपारी नायकीण आत डोकावून काही न बोलता निघून गेली. तिच्या लेखी ती शाबासकीच होती.

भोंगा झाला. राजाबाई खांद्यावर ते फडकं टाकून बाळासोला घेऊन बाहेर आली. शांतम्माच्या कडेवरून उतरायलाच तयार नव्हता, म्हणाली, जागा राहिली.

म्हाळसाबाईने हात पुढे केले. बाळासोने तिच्या घोंगडीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि तोंड फिरवून त्या फडक्यात खुपसलं.

"आत्याबाई, वळखंना व्हय तुमाला?"

"वळखंल की."

म्हाळसाबाईने घोंगडी काढून खाली ठेवली. सुनेच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं, आपल्या गळ्याभोवती नीट गुंडाळलं, आणि पुन्हा हात पुढे केले.