जिन्यावरचं खेन

खेन रेडिएटरवर वाळत घालायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या हिवाळ्यात आमच्याकडे सगळंच रेडिएटरवर वाळतं. मोजे, बनियन, एकदा तर माझा पासपोर्टसुद्धा. तोंडाने वाजवायचं वाद्य, आतून ओलं होणारच, म्हणून तेही ठेवलं. थोड्या वेळाने बघतो, तर नळ्यांच्या फटी बुजवणारं काळं मेण पाघळून भिंतीवर ओघळ आलेले.

खेन हे लाओसचं वाद्य. बांबूच्या लांब नळ्या दोन ओळींत, मधे ओंजळीत मावेल असं लाकडी पोट. त्यात तोंडाने हवा भरायची. गेल्या वर्षी आम्ही तिघं तिकडे फिरायला गेलो, तेव्हा मुलगी नदीकाठच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे ते शिकायला लागली. सोबत म्हणून मीही बसलो. तिला आठवड्याभरात एक अख्खी चाल आली. माझे फुगलेले गाल बघून गुरुजींच्या बायकोने मला पाणी आणून दिलं.

तीच मुलगी या नोव्हेंबरात केंब्रिजची पीएचडी अर्धवट टाकून घरी आली, वरच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. बाहेर ठेवलेल्या ताटातला भात तसाच वाळायचा. जीपीने, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरने, समुपदेशनाच्या वेटिंग लिस्टवर नाव घातलं. मी दाराशी उभा राहून वाट्टेल ते बोलायचो: हवा, कौन्सिलची कचरागाडी, आत्याचा गुडघा. आतून ‘हं’ यायचं. मग तेही बंद झालं. एकदा तर मी दाराला कान लावून, तिचा श्वास तरी ऐकू येतोय का, ते बघत होतो.

मग मी तिकडून येताना आणलेलं खेन काढलं. संगीताचा काही संबंध नव्हता. जिन्यावर बसून रोज वाजवायचं, असह्य होऊन ती बाहेर येईल, एवढीच आशा. शेजारी येऊन बेल वाजवून गेले. ती आली नाही.

मेण पाघळल्यावर तर सुराऐवजी नुसती फुसफुस. तरी त्या शनिवारी दुपारी बसलो. फुंकलं, परत फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी खेन बाजूला केलं. रडलो की धापा टाकल्या, माझं मलाच कळलं नाही.

वर दार उघडलं.

“बाबा, स्टॉप. इट्स लीकिंग.” केस विस्कटलेले, अंगात माझा जुना स्वेटर. “आणि तू फक्त फुंकतोस. श्वास आत घेताना पण वाजवायचा असतो. सेम नोट येतो. त्या आजोबांनी किती वेळा सांगितला!”

“मला लाओ कुठे येतं?”

“मला पण नाही येत. मी बघत होते त्यांच्याकडे. तू फोटो काढत होतास.”

ती शेजारच्या पायरीवर बसली आणि अंगठ्याने मेण दाबत एकेक फट बुजवू लागली. मी तिचं मनगट बघत होतो. केवढं बारीक झालं होतं! मग तिने एकच सूर धरला, आत, बाहेर, आत, बाहेर, कितीतरी वेळ. वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं आणि वर गेली. दार लागलं. जेवतेस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

स्वयंपाकघरात बायको कणकेचे हात तसेच ठेवून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

“उद्यापासून नीट शिकतो,” मी म्हणालो.

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “उद्याही असंच बेसूर वाजवा. खबरदार सुधारलात तर!”