असीरगडच्या राणीची काठी

मी कागद कारखान्यात कामाला. वर्षानुवर्षं कोरा कागद बघून हाताला खाज सुटली आणि तो मी काळा करायला घेतला. कादंबरी अद्भुत, म्हणजे तिच्यात असीरगडावर उडणारे राक्षस होते. नायिका मात्र बहादरपुरातून उचललेली: माझी चौदा वर्षांची भाची.

तिला संधिवात आहे. "एवढ्याशा पोरीला?" असं विचारणाऱ्यांना कंटाळून ती काठी घरीच ठेवून शाळेत जायची आणि संध्याकाळी गुडघे धरून बसायची. म्हणून कादंबरीतल्या राणीच्या हातात मी काठी दिली. दर रविवारी नवं प्रकरण वाचून दाखवू लागलो. एका सोमवारी ताईचा फोन आला, "अरे, आज काठी घेऊन गेली!"

झालं. मी स्वतःला थोर लेखक समजू लागलो.

पुढच्याच प्रकरणात राणीनं भल्या पहाटे हल्ला केला.

"मामा, पागल हो क्या? सकाळी माझ्याच्यानं टूथपेस्टचं झाकण उघडत नाही. ती तलवार कशी काढेल?"

"मग कधी लढू दे?"

"ग्यारा बजे. गुडघे शेकून झाल्यावर."

राक्षस बिचारे अकरापर्यंत गडाच्या दाराशी ताटकळले.

शेवट मी ताईच्या केळीच्या बागेत बसून वाचला. राणीवर तापीचं मंतरलेलं पाणी शिंपडलं, ती ठणठणीत बरी झाली, तिनं काठी दरीत फेकली. वाचून मीच टाळी वाजवली. भाचीनं नाही.

"म्हणजे काठीवाली राणी चालत नाही का?"

"अगं, शेवट गोड नको?"

तिनं समोर बोट दाखवलं. घडाच्या भारानं वाकलेल्या केळींना बांबूचे टेकू लावले होते. "ते काढून टाकायचे? बाबांना सांगून बघ, मारतील. शेवट बदल. नाही तर मी पण काठी नाही नेणार."

बदलला. गणपतीत राजपुऱ्याच्या मंडळानं दुपारी वाचन ठेवलं. भाची पहिल्या रांगेत, काठी मांडीवर. मी ऐटीत वाचत शेवटच्या पानावर आलो: "राणीनं काठी उचलली आणि फेकली..."

जुनी पानं! नवी घरी, टेबलावर.

भाचीचे डोळे माझ्यावर. घाम पुसला आणि ओरडलो, "...राक्षसाच्या टाळक्यात!"

शिट्यांवर शिट्या. तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, "ते ठीक. पण आता बाई गड उतरणार कशी?"

मी उगाच पानं उलटली. भाची मात्र काठी टेकत उठली आणि मागे वळली. "राक्षस आणून देईल ना काका! हरलाय तो!"

मग काय, मी राक्षसाला टेंगळासकट दरीत उतरवलं, काट्यांतून काठी शोधायला लावली, राणीपुढे गुडघे टेकायला लावले. टाळ्या थांबेनात. त्यातल्या अर्ध्या माझ्या नव्हेत, हे मला कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर भाची समोर आली आणि तिनं काठी माझ्या पायाशी टाकली. मी वाकलो. कमरेत अशी कळ आली की "आई गं" निघालं. तसाच वाकून काठी पुढे केली, "घ्या, राणीसरकार."

"दोन्ही हातांनी. आणि आधी पूस, गुलाल लागलाय. उद्या शाळेत न्यायची आहे."